आयोवातल्या कम्युनिटी कॉलेजात पर्यावरण तंत्रज्ञ घडवायचे तर आधी कोणाला गाठायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेत तुम्ही नऊ वर्षं पाणी-सांडपाण्याची तपासणी केलीत. आता अमेरिकेत, आयोवा राज्यात आहात, कामाची परवानगी आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारं स्थानिक कॉलेज) दोन सत्रांचा पर्यावरण तंत्रज्ञाचा सर्टिफिकेट कोर्स सुरू करायचा आहे आणि तुम्हाला अर्धवेळ शिक्षक म्हणून अभ्यासक्रम लिहून मागितला आहे. तुम्ही विचारलंत, ‘प्रत्येक सत्राचं सोळा आठवड्यांचं वेळापत्रक आणि प्रयोगांची यादी मी एकटी लिहीन, पण असा कोर्स प्रत्यक्षात कोणकोणत्या माणसांच्या जिवावर चालतो? सुरुवात कुठून करू?’

वेळापत्रक तुम्ही एकटीने लिहाल, यात मला शंका नाही. अडचण अशी आहे की कॉलेजने कोर्स उभा करायचं काम म्हणून तुमच्या हातात फक्त लिखाण दिलंय. हे कोर्स बंद पडतात तेव्हा विषयाचं ज्ञान कमी पडलेलं नसतं. शिकवलेलं काम गावातल्या पाणी-सांडपाण्याच्या प्लँटवर कोणी करतच नसतं, नाहीतर चौथ्या आठवड्यात मीटर बंद पडलेले असतात आणि ते कोणी बघायचे हे ठरलेलं नसतं. म्हणून लिहायला बसण्याआधी माणसं जमवा.

आधी तीन गोष्टी विचारून घ्या, कारण पुढचं बरंच त्यांवर ठरतं. कोर्स क्रेडिटचा (पुढच्या पदवीत धरला जाणारा) आहे की बिनक्रेडिटचा? क्रेडिटचा असेल तर कॉलेजची अभ्यासक्रम समिती, राज्याची मंजुरी आणि मान्यता देणारी संस्था यांचं चक्र असतं, त्यात वर्ष सहज जातं. बिनक्रेडिटचा, म्हणजे त्यांच्या भाषेत वर्कफोर्स विभागाचा असेल, तर दोन-तीन महिन्यांत सुरू होतो, पण विद्यार्थ्याला फीसाठी मदत मिळवणं अवघड जाऊ शकतं. दुसरं, तासाभराच्या अंतरात नोकऱ्या कुठे आहेत: नगरपालिकेचे प्लँट, मांस किंवा मक्यावर प्रक्रिया करणारे कारखाने, पर्यावरण कन्सल्टंट, की लँडफिल (कचरा पुरायची जागा)? तिसरं, पैसे ग्रँटचे (ठरावीक मुदतीच्या अनुदानाचे) आहेत की कॉलेजच्या नेहमीच्या बजेटातले? ग्रँट संपल्यावर बफर (पीएच मीटर जुळवून घ्यायची द्रावणं) आणि बाटल्या कोण विकत घेणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारलेला बरा.

पर्यावरण तंत्रज्ञ आणि त्यांना शिकवणारी माणसं आली कुठून तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणाकडे काय मागायचं ते कळेल. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टने नदी-नाल्यांत थेट सांडपाणी सोडणाऱ्यांना परवाना आणि नियमित नमुने बंधनकारक केले. १९७६ च्या आरसीआरए कायद्याने घातक कचऱ्याची नोंद आणली, १९८० च्या सुपरफंड कायद्याने जुन्या दूषित जागा साफ करायला लावल्या. प्रत्येक कायद्यामागोमाग नमुना घेणारे, मोजणारे, नोंदवणारे हात लागले. त्या हातांना पीएचडी लागत नव्हती, चार वर्षांची पदवीही लागत नव्हती. पण त्यांना शिकवणारे कमी होते. १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य डेव्हिड प्राइस यांच्या पुढाकाराने सायंटिफिक अँड ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी ॲक्ट झाला. त्यातून नॅशनल सायन्स फाउंडेशन या केंद्र सरकारच्या संस्थेचा एटीई (ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजिकल एज्युकेशन) कार्यक्रम निघाला. दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या तंत्रज्ञ-शिक्षणासाठी तो आजही पैसे देतो. त्याच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी पर्यावरणाचं केंद्र १९९४ मध्ये तुमच्याच राज्यात, ईस्टर्न आयोवा कम्युनिटी कॉलेजेसकडे उभं राहिलं: ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन सेंटर, सगळे त्याला ‘एटीक’ म्हणत. सीडर रॅपिड्सच्या कर्कवुड कम्युनिटी कॉलेजातली घातक पदार्थांच्या प्रशिक्षणाची संस्था, एचएमटीआरआय, त्यात भागीदार होती. म्हणजे आयोवातल्या कॉलेजांत या विषयाची जुनी जाणती मंडळी आहेत. शेजारच्या कॉलेजच्या समन्वयकाला फोन करायला संकोचू नका. या क्षेत्रात एकमेकांचे प्रयोग मागून घ्यायची आणि देऊन टाकायची पद्धत आहे.

आता माणसांकडे येतो. पहिली गाठायची ती रोज हे काम करणारी.

अभ्यासक्रम ठरवायची इथली रुळलेली पद्धत म्हणजे ‘डेकम’. ती १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात सुरू झाली आणि ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या रॉबर्ट नॉर्टन यांनी तिचा मोठा प्रसार केला. ५ ते १२ अनुभवी कामगार दोन दिवस एका खोलीत बसतात. प्रशिक्षण घेतलेला सूत्रधार त्यांना विचारत जातो की तुम्ही दिवसभर काय करता, आणि प्रत्येक काम एकेका कार्डावर लिहून भिंतीवर लावतो. शेवटी आठ-बारा मोठ्या जबाबदाऱ्या आणि त्यांखाली सहसा ७५ ते १२५ कामं असा तक्ता तयार होतो. कार्डावर क्रियापद दिसणारं हवं. ‘पीएच मीटर कॅलिब्रेट करणे’, ‘चेन ऑफ कस्टडी फॉर्म भरणे’ (नमुना कोणाकडून कोणाकडे गेला त्याची नोंद), ‘ऑटोसँपलरची नळी बदलणे’ (आपोआप नमुना घेणाऱ्या यंत्राची) चालतं. ‘पीएच समजणे’ चालत नाही, ज्ञानाची यादी वेगळ्या कागदावर जाते.

यात तीन चुका नेहमी होतात. एक, प्लँटच्या सुपरिंटेंडंटला बोलावलं जातं आणि तो आपल्या माणसांनी काय करायला हवं ते सांगतो. प्रत्यक्षात काय होतं ते सकाळी सात वाजता कंपोझिट (दिवसभर थोडा थोडा साठवलेला) नमुना उचलणाऱ्याला ठाऊक असतं. साहेब एखादा असला तर हरकत नाही, पण त्याच्याच हाताखालचा माणूस शेजारी बसवू नका, तो तोंड उघडणार नाही. दोन, सगळे एकाच प्लँटचे येतात आणि तक्ता त्या प्लँटचा होतो. आठजण असतील तर तीन सांडपाण्याचे, दोन पिण्याच्या पाण्याचे, दोन कन्सल्टंटकडचे फील्डवरचे, एक कारखान्यातला, असं काहीसं प्रमाण ठेवा. तीन, आणि ही तुमच्यासाठी: शिक्षकाने त्या टेबलावर बसायचं नाही. तुम्ही मागच्या खुर्चीवर, गप्प, वही घेऊन. तुमची नऊ वर्षं खरीच आहेत, पण ती वेगळ्या नियमांखालची आहेत. आणि शिक्षक बोलू लागला की ऑपरेटर, म्हणजे प्लँट चालवणारी माणसं, ऐकू लागतात. आपल्याला उलटं हवंय.

तक्ता झाला की तो खोलीत नसलेल्या आणखी वीस-पंचवीस जणांना पाठवा आणि प्रत्येक कामापुढे तीन आकडे मागा: किती महत्त्वाचं, किती वेळा करावं लागतं, शिकायला किती अवघड. महत्त्वाचं आणि अवघड आहे पण वरचेवर येत नाही, उदाहरणार्थ बंदिस्त जागेत उतरण्याआधीची गॅस तपासणी, ते कॉलेजात शिकवायलाच हवं. जे सोपं आहे आणि रोजचं आहे ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपोआप येतं, त्यावर तास घालवू नका.

दुसरं माणूस प्रयोगशाळेचं आणि उपकरणांचं. नव्या कोर्सच्या प्रस्तावात ही जागा बहुतेक वेळा नसतेच. शिक्षकच बघेल असं धरलेलं असतं. माझं ठाम मत आहे की बारा विद्यार्थ्यांच्या कोर्सला आठवड्याला निदान दहा तासांचा लॅब सहायक मागून घ्यावा, आणि मिळत नसेल तर सुरुवातीची तारीख पुढे ढकलावी. कारण आकड्यांत सांगतो.

बारा विद्यार्थी म्हणजे तिघांचे चार गट. एक प्रोब धरतो, एक नमुना घेतो, एक लिहितो, आणि दर फेरीला अदलाबदल. चौथा माणूस गटात आला की तो नुसता उभा राहतो. तेव्हा चार मीटर आणि एक जादा. पीएचच्या तीन बफरांचे प्रत्येकी ६० मिलिलिटर धरले तर चार गटांना एका तासिकेला ७२० मिलिलिटर लागतात. बारा तासिकांचे साडेआठ लिटरहून अधिक. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगूनही कोणीतरी ओततोच. पीएच १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि खाली सरकतो, म्हणून त्याची बाटली उघडल्याची तारीख वर लिहिलेली हवी. प्रोब डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवला की आतलं द्रावण हळूहळू बाहेर झिरपतं. तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये किंवा कंपनीच्या द्रावणात ठेवायचा. प्रोबचा उतार, म्हणजे पीएच एकाने बदलला की त्याचा व्होल्टेज किती बदलतो ते, २५ अंशांना आदर्श स्थितीत सुमारे ५९ मिलिव्होल्ट. तो ५५ च्या खाली गेला तर प्रोब आधी साफ करायचा, तरी सुधारला नाही तर बदलायचा. हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी शांतपणे केलं तर सोमवारची तासिका होते. तुम्ही वर्ग संपवून घरी पळत असाल तर होत नाही.

बंदिस्त जागेसाठीच्या चार वायूंच्या मीटरचंही तसंच. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ च्या वर, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम (दशलक्ष भागांत दहा), कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम, असे अलार्म सहसा लावलेले असतात. वापराच्या दिवशी आधी बंप टेस्ट करायची, म्हणजे माहीत असलेला वायू सोडून सेन्सर ओरडतो का ते बघायचं. त्या वायूच्या सिलिंडरला संपायची तारीख असते. ऑक्सिजन सेन्सर तर वापरा न वापरा, कपाटातही म्हातारा होतो. ग्रँटमधून मीटर येतात, पण तिसऱ्या वर्षीच्या सेन्सरचे पैसे कोणी धरलेले नसतात. खरेदीची यादी करताना प्रत्येक उपकरणापुढे ‘वर्षाला याला काय लागतं’ असा रकाना करा आणि डीनची सही त्या रकान्यासकट घ्या.

आता तुमची स्वतःची जागा. तुमच्या हाताला सवय आहे, आकडा चुकीचा आला की नाकाला वास येतो, आणि हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. पण काही सवयी बदलाव्या लागतील. सगळ्यात ठळक बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना सूक्ष्मजंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याची मोजणी. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस. इथे २० अंशांना, एक अंश इकडे-तिकडे, पाच दिवस. हा फरक नुसता इन्क्यूबेटरचा नाही, वेळापत्रकाचा आहे. नाशकात सोमवारी लावलेली बाटली गुरुवारी वाचता येते. इथे सोमवारी लावली तर शनिवारी वाचावी लागते, मंगळवारी लावली तर रविवारी. म्हणून बीओडीची तासिका बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारीच ठेवा. नमुना थंड ठेवून ४८ तास चालतो, तेव्हा मंगळवारी घेतलेला नमुना बुधवारी लावता येतो. बाटलीतल्या ऑक्सिजनमध्ये निदान २ मिलिग्रॅम प्रतिलिटर घट हवी आणि शेवटी निदान १ शिल्लक हवा. नमुना न घातलेल्या कोऱ्या पाण्याची घट ०.२ पर्यंत. ग्लुकोज-ग्लुटामिक आम्लाच्या ठरलेल्या द्रावणाची पडताळणी १९८ अधिक-उणे ३०.५ मध्ये बसली पाहिजे. विद्यार्थ्यांची पहिली खेप बहुधा बसत नाही, आणि का बसली नाही हे शोधणं हाच त्या आठवड्याचा धडा करा. क्लोरीन काढायचं राहिलं का, सीड म्हणून घातलेले सूक्ष्मजंतू मेलेले होते का, बाटलीत बुडबुडा राहिला का.

नायट्रेटचं लक्षात ठेवा. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ४५ मिलिग्रॅम हे नायट्रेट म्हणून, म्हणजे पूर्ण नायट्रेटचं वजन धरून आहे. इथला १० मिलिग्रॅमचा आकडा नायट्रोजन म्हणून, म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून आहे. दोन्ही जवळजवळ एकच मर्यादा सांगतात. पण ४० वाचून ‘मर्यादेच्या आत’ असं तुमच्या तोंडून वर्गात निघालं आणि तो आकडा नायट्रोजनचा असला, तर चौपट चूक. आयोवात ही चूक कोणी माफ करत नाही. शेतांतून येणाऱ्या नायट्रेटमुळे राजधानी डे मॉइनच्या वॉटर वर्क्सला (पाणीपुरवठा संस्थेला) ते काढायची वेगळी यंत्रणा बसवावी लागली आहे, आणि हा इथे घरोघरी बोलला जाणारा विषय आहे.

मापं तर वेगळीच. ऑपरेटरच्या परीक्षेत भार, म्हणजे पाण्यातून रोज जाणाऱ्या घाणीचं वजन, काढायचं सूत्र असं: दशलक्ष गॅलन प्रतिदिन गुणिले मिलिग्रॅम प्रतिलिटर गुणिले ८.३४, उत्तर पौंड प्रतिदिन. ८.३४ म्हणजे एक गॅलन पाण्याचं पौंडातलं वजन. २ दशलक्ष गॅलन आणि २०० मिलिग्रॅम बीओडी असेल तर ३,३३६ पौंड. तुम्ही मनात लिटर-किलो करून उलट फिरवाल, ते वर्गात करू नका. मुलं गोंधळतात, आणि परीक्षेत त्यांना हेच सूत्र लागतं.

नमुना टिकवायचे नियम इथे केंद्र सरकारच्या नियमावलीच्या भाग १३६ मध्ये आहेत आणि परवान्याखालच्या नमुन्यांना तेच लागू. पीएच १५ मिनिटांत, म्हणजे जागेवरच. सांडपाण्यातला ई. कोलाय ८ तासांत. अमोनियाला सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ खाली, २८ दिवस. बहुतेक धातूंना नायट्रिक आम्ल, सहा महिने. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी ४० मिलिलिटरच्या कुप्या, वर हवेचा बुडबुडा नको, हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं असेल तर १४ दिवस. दोन चुका हमखास होतात. आम्ल आधीच घातलेली बाटली विद्यार्थी सवयीने नदीच्या पाण्याने खंगाळतो आणि आम्ल वाहून जातं. दुसरी, नायट्रिक आम्लाच्या बाटलीत नायट्रेटचा नमुना भरतो. पहिली चूक प्रयोगशाळेने पीएच तपासला तरच कळते, दुसरी त्या भरमसाट आकड्याने कळते. दोन्ही चुका वर्गात मुद्दाम करून दाखवा. नुसतं सांगून हे लक्षात राहत नाही.

भूजलाचा नमुना तुम्ही केला नसेल, असं मी धरतो, कारण आपल्याकडच्या खासगी प्रयोगशाळांकडे तो बहुधा बाटलीत भरूनच येतो. इथे कन्सल्टंटकडे नोकरी म्हणजे पहिली दोन वर्षं तेच. मॉनिटरिंग विहिरीतून (भूजल तपासण्यासाठीच केलेल्या अरुंद विहिरीतून) मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर एवढ्या संथपणे पाणी काढायचं, पातळी दहा सेंटिमीटरहून जास्त खाली जाऊ द्यायची नाही. दर तीन ते पाच मिनिटांनी वाचन घ्यायचं. लागोपाठ तीन वाचनांत पीएच ०.१ मध्ये, वाहकता ३ टक्क्यांत, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांत स्थिर झाला की नमुना घ्यायचा. घेताना मोजणीचा सेल (प्रोब बसवलेली, पाणी वाहून जाणारी डबी) नळीतून काढून टाकायचा. सेलमधून आलेलं पाणी बाटलीत भरणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. हा धडा तुम्ही देऊ नका. कन्सल्टंटकडचा माणूस एक शनिवार बोलवा आणि काउंटीच्या लँडफिलकडे विहिरीजवळ उभं राहायची परवानगी मागा. परवानगी देणारा तो लँडफिलचा व्यवस्थापक हाही तुमच्या कोर्समागचा माणूस आहे, त्याला दरवर्षी आभाराचं पत्र जायला हवं.

इथवरचं एका ओळीत म्हणायचं तर काय शिकवायचं ते ऑपरेटर ठरवतात, शिकवणं शक्य होतं ते लॅब सहायकामुळे, आणि तुम्ही मधला दुवा. आता राहिलेले.

हॅझवोपर, म्हणजे घातक कचऱ्याजवळ सुरक्षित काम करायचं प्रशिक्षण, शिकवणारा वेगळा लागतो. घातक कचऱ्याच्या जागेवर काम करणाऱ्याला ओशाच्या (कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नियमाने ४० तासांचं शिक्षण आणि त्यानंतर अनुभवी देखरेखीखाली तीन दिवस प्रत्यक्ष काम लागतं, पुढे दरवर्षी ८ तासांची उजळणी. कॉलेज ४० तास देऊ शकतं. ते तीन दिवस सहसा नोकरी देणाऱ्याकडे पुरे होतात, आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगायला हवं, नाहीतर सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे झालं असा समज होतो. ‘ओशा मान्यताप्राप्त’ असं माहितीपत्रकात छापू देऊ नका. ओशा अशा कोर्सना मान्यता देत नाही, सर्टिफिकेट प्रशिक्षण देणाऱ्याचं असतं. आणि ४० तास नुसते संगणकावर उरकता येत नाहीत, संरक्षक सूट घालणं-काढणं प्रत्यक्ष करावं लागतं. चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्यायचा तर आधी वैद्यकीय तपासणी आणि फिट टेस्ट (मास्क नीट बसतो का याची चाचणी) लागते. दाढी असेल तर सील बसत नाही, आणि धर्माच्या कारणाने दाढी राखणारे विद्यार्थी असतील तर सैल हुडाच्या, हवा आत ढकलणाऱ्या उपकरणाची सोय आधी बघा. यासाठी अग्निशमन दलाच्या घातक पदार्थ पथकातला किंवा दूषित जागा साफ करणाऱ्या कंपनीतला माणूस उत्तम. तुम्ही पहिल्या वर्षी त्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसा.

असे बाहेरून येणारे शिक्षक संध्याकाळी, पाळी संपवून येतात. त्यांना काम उत्तम येतं, शिकवायची सवय नसते, आणि स्लाइड वाचून दाखवण्यात दोन तास जातात. त्यांना स्लाइड करायला सांगू नका. त्यांच्या प्लँटचा गेल्या महिन्याचा अहवाल, एक फुटलेलं पंपाचं सील, एक चुकीचा भरलेला फॉर्म आणायला सांगा आणि ‘यात काय बिघडलंय ते मुलांकडून काढा’ एवढंच म्हणा. पाळी बदलली की ते येऊ शकत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या तासिकेला एक पर्यायी तासिका तयार ठेवा. मानधन थोडं असतं. गाडीच्या अंतराचे पैसे तरी डीनकडून मंजूर करून घ्या, त्यानेही माणूस टिकतो.

गणिताचा शिक्षक विसरू नका. प्रवेश परीक्षेतल्या बीजगणितावर अडकलेला विद्यार्थी ८.३४ चं सूत्र दोन आठवड्यांत शिकतो, जर उदाहरणं टाकीची आणि क्लोरीनची असतील. त्या विभागातल्या एकाशी मैत्री करा. तसंच विद्यार्थी सल्लागार, कारण तुमच्या वर्गात अठरा वर्षांचे थोडे आणि पस्तिशी-चाळिशीचे, मुलांना शाळेतून आणणारे बरेच असतील. कोणाची फी अडली, कोणाचा पाळणाघराचा प्रश्न आहे, हे आधी सल्लागाराला कळतं.

सल्लागार समिती कागदावर सगळ्यांकडे असते. व्यवसाय-शिक्षणासाठीचे केंद्र सरकारचे पर्किन्स कायद्याचे पैसे वापरायचे तर उद्योगांशी सल्लामसलत आणि दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचा आढावा करावाच लागतो. पण वर्षातून दोनदा सँडविच खाऊन ‘छान चाललंय’ म्हणणारी समिती उपयोगाची नाही. बैठकीत त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवा: डेकमचा तक्ता, आणि एका विद्यार्थ्याची नाव झाकलेली फील्ड वही. ‘अशी वही लिहिणाऱ्याला तुम्ही नोकरीवर घ्याल का?’ असं विचारा. मग बोलतात. जे बोलतील ते इतिवृत्तात लिहा, कारण पुढच्या वर्षी नवं उपकरण मागताना तोच कागद लागतो.

राज्याच्या परवाना खात्यालाही लवकर विचारा. आयोवात पाणी आणि सांडपाण्याच्या ऑपरेटरची प्रमाणपत्रं राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं देतं, श्रेणी १ ते ४. तुमच्या कोर्सचे तास परीक्षेच्या पात्रतेत धरले जातील का, हे लेखी घ्या. हे उत्तर ‘हो’ असेल तर विद्यार्थी मिळवायला जाहिरात फारशी लागत नाही.

तुमच्या पदवीबद्दल: कॉलेज बहुधा तिचं मूल्यांकन मागेल. तांत्रिक विषयांत बरीच कॉलेजं प्रत्यक्ष कामाचा अनुभवही धरतात, म्हणून नाशिकच्या प्रयोगशाळेकडून कोणत्या तपासण्या, महिन्याला किती नमुने, कोणती उपकरणं, असं तपशिलाचं पत्र आत्ताच मागवून ठेवा. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या मजकुराचा दाखला इथे कामाचा नाही.

आणि सुरुवात: या आठवड्यात गावातल्या सांडपाणी प्लँटला फोन करा. सुपरिंटेंडंटकडून परवानगी घ्या, पण भेट लॅब ॲनालिस्टची मागा. सकाळचे नमुने लावून होतात त्यानंतरची, दहा-साडेदहाची वेळ. त्यांच्या बीओडीच्या वहीची गेल्या तीन महिन्यांची पानं बघायला मागा आणि कोणती खेप फुकट गेली, का गेली, ते विचारा. त्यातली चार-पाच कारणं लिहून आणलीत की पहिल्या सत्राच्या चार-पाच तासिका तुमच्या हातात आहेत, आणि डेकमला बोलवायचा पहिला माणूसही तुम्हाला भेटलेला असेल.